जळणाचा हिशेब

जळण हा शब्द आमच्या माणदेशात मोठ्या पोटाचा आहे. त्यात बाभळीच्या ढलप्या आल्या, तुराट्या आल्या, ज्वारीची धसकटं, मक्याची बुरकुंडं, शेण्या आणि पोरांनी उन्हाळ्यात बांधाबांधानं वेचून आणलेल्या काटक्याही आल्या. थंड मुलखातली माणसं घरात ऊब राहावी म्हणून जळण जाळतात. आपल्याकडे घर तापवावं लागत नाही, दोन महिने शेकोटी केली की भागतं. आपलं जळण जातं भाकरीला, कालवणाला आणि आंघोळीच्या पाण्याला. पण तेवढ्यालाही वर्षाचं किती लागतं, त्याची किंमत काय होते, हे आमच्या गावात कुणी वहीत लिहिलेलं मी पाहिलं नाही. बी-बियाण्याचा हिशेब असतो, सोसायटीच्या कर्जाचा असतो, लग्नातल्या आहेराचासुद्धा असतो. जळणाचा नसतो, कारण ते विकत आणलेलं नसतं आणि आणणारी बाई घरचीच असते.

मी तो हिशेब मांडायला लागलो तो एका तक्त्यामुळं. आमच्याकडे गोबर गॅस बसवायचं चाललं होतं, तेव्हा खादी ग्रामोद्योग आयोगाचा एक तक्ता हाती आला. एक घनमीटर गोबर गॅसवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढ्याला दुसरं जळण किती लागेल, ते त्यात दिलं होतं : लाकूड ३.४७ किलो, शेण्या १२.३ किलो, रॉकेल ०.६२ लिटर, सिलिंडरमधला गॅस ०.४३ किलो, वीज ४.७ युनिट. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, त्रैराशिक मला येत होतं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. गुणाकार केला तर एक सिलिंडर म्हणजे ११४ किलो लाकूड, किंवा ४०० किलो शेण्या, किंवा २० लिटर रॉकेल, म्हणजे जुन्या पत्र्याच्या डब्यापेक्षा जरा जास्तच. हे आकडे मी कणगीच्या मागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवले होते. पुढं भिंत सारवली गेली, पण आकडे तोंडपाठ राहिले.

एवढा फरक का पडतो, तर तो चुलीचा दोष. तक्त्यात तेही होतं. लाकडात शंभर भाग उष्णता असेल तर त्यातली सतराच भांड्याला लागते, बाकीची जाते भिंतीला, आढ्याला आणि पुढ्यात बसलेल्या बाईच्या तोंडावर. शेण्यांची अकराच लागते. स्टोव्हवर रॉकेलची निम्मी, गॅसच्या शेगडीवर साठ. सतरा हा आकडासुद्धा चांगल्या वाळलेल्या लाकडाचा. पावसाळ्यात ओल्या बाभळीवर भाकरी भाजणाऱ्या बाईला विचारलं तर ती दहासुद्धा म्हणणार नाही. म्हणून नुसता किलोचा भाव बघून हे जळण स्वस्त आणि ते महाग म्हणणं फसवं आहे. भांड्यापर्यंत पोचलेल्या उष्णतेला किती पडले, ते बघायला पाहिजे.

शेण्यांची गोष्ट जुनी आहे. शेतकरी शेण जाळतो आणि रानाला खत कमी पडतं, तो अडाणी आहे, असं साहेबलोक म्हणत. १८८९ साली व्होल्कर नावाचा रसायनतज्ज्ञ इंग्लंडहून इथली शेती बघायला आला. त्याचा अहवाल १८९३ साली छापला गेला. त्यानं सरळ लिहिलं की लाकूड मिळत नाही म्हणून शेतकरी शेण जाळतो. लाकूड मिळालं तर तो शेण रानात घालील. गावोगाव जळण-चाऱ्यासाठी राखीव रानं करावीत, असं त्यानं सुचवलं होतं. त्याच्या आधी दहा वर्षं, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढलेच होते. १८७८ च्या कायद्यानं रानं सरकारच्या ताब्यात गेली आणि ज्या डोंगरावरून शिदोरी बांधून मोळी आणायची, तिथंच माणूस चोर ठरला. आमच्या मुलखात तर मुळातच जंगल नाही. कुसळं आणि खडक. त्यामुळं माणदेशी बाईचा सगळा भरवसा शेणावर.

आई सकाळी शेणाची पाटी घेऊन परड्यात जायची. शेणात भुसा, गव्हाचं काड कालवायचं, थापायचं, एक बाजू वाळली की उलटायचं, मग उभ्या करायच्या आणि उन्हाळ्याच्या शेवटी हुडवा रचून वरून शेणानं लिंपायचा. पावसाच्या आत हुडवा झाला नाही तर तिला झोप लागत नसे. “पाण्याच्या दिसांत काय हाडं जाळायची व्हय चुलीत?” असं ती म्हणायची. ७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. गुरं विकली, काही दावणीलाच गेली. गुरं गेली म्हणजे दूध गेलं, हे सगळे सांगतात. जळणही गेलं, हे फारसं कुणी सांगत नाही. त्या वर्षी बांधावरच्या बाभळी तुटल्या त्या कायमच्या. खडीच्या कामावरून येताना बाया पदरात काटक्या बांधून आणायच्या, कारण सुकडी शिजवायलाही इस्तू लागतोच.

शेणी फुकट, असं आपण म्हणतो. ताज्या शेणात शंभरात ऐंशी भाग पाणी असतं. म्हणजे एका सिलिंडरच्या तोडीच्या ४०० किलो शेण्या करायला दोन हजार किलो शेण लागतं, जवळपास तीन-चार बैलगाड्या. तेवढं खत रानाला मिळालं नाही. शेणी जळाली की त्यातलं नत्र धुरात जातं; पालाश आणि स्फुरद राखेत राहतं, त्यानं बाया भांडी घासतात. चुलीत दरवर्षी एवढं खत घालून मग युरियाची गोणी आणायला तालुक्याला जायचं, हा व्यवहार आमच्या घरात कित्येक वर्षं चालला.

स्टोव्ह आमच्याकडे सगळ्यांच्या शेवटी आला. हवेच्या दाबावर चालणारा स्टोव्ह स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या माणसानं १८९२ साली काढला. मुंबईच्या गिरणीत काम करणारे आमच्या गावचे लोक खोलीवर तोच वापरत आणि सुट्टीला येताना एखादा घेऊन येत. काकडा पेटवायचा, बर्नर लाल झाला की पंप मारायचा, मग तो भर्र आवाज करत निळा जळायचा. पाहुणा आला तर चहाला स्टोव्ह, एरवी चूल. रोज पेटवायला रॉकेल कुठलं? रेशनला मिळायचं ते निळं रॉकेल, तेही कार्डावर मोजून, आणि त्यातलं निम्मं कंदील-चिमणीला जायचं. पुढं इंडियन ऑइलनं ‘नूतन’ नावाचा वातींचा स्टोव्ह काढला, तो तेल कमी खायचा. हिशेबाला स्टोव्ह वाईट नव्हता. पण स्टोव्हच्या भडक्यात जळालेल्या सुना आमच्या पंचक्रोशीतही झाल्या. सगळ्याच स्टोव्हमुळं जळाल्या असं कुणी मनातून मानत नसे, तरी पंचनाम्यात स्टोव्हच यायचा. मुलगी दिली की आई सांगायची, तिथं चूल आहे ना, मग चुलीवरच कर.

बिनधुराची चूल ही सरकारची आवडती गोष्ट. तिचा पहिला विचार वर्ध्याला झाला, मगनवाडीच्या ग्रामोद्योगवाल्यांनी ‘मगन चूल’ काढली होती. १९८० नंतर मात्र ती योजना झाली. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, देशात तीन कोटींवर चुली बसल्या आणि २००२ मध्ये तो गुंडाळला. आमच्या आळीत अकरा बसल्या. सिमेंटचं धुराडं पत्र्यातून वर काढायचं, त्या भोकातून पावसाळ्यात पाणी गळायचं. चुलीची तोंडं एका मापाची आणि आमची भांडी दहा मापांची. तवा बसायचा नाही. काजळीनं धुराडं तुंबलं की धूर उलटा घरात. शंभरात वीस भाग तरी उष्णता भांड्याला लागावी, अशी सरकारची अट होती. प्रयोगशाळेत लागतही असेल. बायांनी दोन वर्षांत तोंडं फोडून मोठी केली, आणि वीसची परत बारा झाली. मी त्यांना दोष देत नाही. चूल घालणाऱ्यानं आधी घरातला तवा मागून घेऊन बघायला पाहिजे होता.

धुराचं मात्र खोटं नव्हतं. १९८० नंतर लगेचच कर्क स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञानं गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर यंत्र लावून धूर मोजला होता. शहरातल्या धुराची चर्चा सगळे करत, घरातला कुणी मोजत नव्हतं. आईला साठीनंतर दम लागायला लागला. तिनं आयुष्यात विडी ओढली नव्हती, मिश्री तेवढी लावायची. साताऱ्याच्या डॉक्टरनं छाती तपासून एकच प्रश्न विचारला, “आजी, चुलीपुढं किती वर्षं?” तिनं बोटं मोजायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “कळतं झाल्यापास्नं.” तिच्या औषधाला लागलेले पैसे मी जळणाच्या खात्यात धरावेत की आजाराच्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता गोबर गॅस. त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण हिशेबात त्याच्याइतकं चोख दुसरं काही नाही आणि तरीही तो आमच्याकडे टिकला नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. शेणाचा प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ मध्ये झाला. पुढं जशभाई पटेलांनी वर-खाली होणाऱ्या लोखंडी टाकीचं मॉडेल केलं आणि खादी ग्रामोद्योगनं ते १९६२ पासून गावोगाव नेलं. देहूचे डॉ. मापुसकर यांनी तर संडासाला जोडून गॅस करायचं काम उभं आयुष्य केलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमच्या गावात संडास जोडायचा विषय निघाला तेव्हा म्हाताऱ्यांनी बैठकीतून उठून जायचंच बाकी ठेवलं होतं.

वडिलांनी १९८६ मध्ये दोन घनमीटरचा बसवला. अनुदान होतं, बाकीचं सोसायटीनं दिलं. दोन बैल, दोन गाई, एक म्हैस. एका घनमीटरला रोज २५ किलो शेण, म्हणजे दोनाला ५० किलो, आणि तेवढंच पाणी. पुऱ्या ताकदीनं चालला तर महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडरचं काम. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शेण कुठं जात नाही. गॅस निघून गेल्यावर खालून येणारी मळी उत्तम खत, त्यात नत्र शाबूत. एका सिलिंडरएवढा गॅस सव्वाआठशे किलो शेणातून निघतो. तेवढ्याच स्वयंपाकाला शेण्या जाळायच्या तर दोन हजार किलो शेण जातं आणि हाती राख उरते. हे गणित वडिलांना मी कागदावर दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “मग आजपतूर आपुन काय खुळं हुतो?” मी म्हटलं, खुळं नव्हतो, एकदम घालायला पैसे नव्हते.

खोड निघाली ती दुसरीकडं. चरायला गेलेल्या गुराचं शेण रानात पडतं, गोठ्यात रात्रीचंच सापडतं. ५० किलोच्या जागी २५-३० च निघायचं. थंडी पडली की शेण आंबायचं मंद होतं. ज्या महिन्यात पाणी तापवायला गॅस हवा, नेमका त्याच महिन्यात टाकी खाली बसलेली. लोखंडी टाकीला चार-पाच वर्षांत गंज धरला. १९८४ पासून ‘दीनबंधू’ नावाचं जमिनीखालचं विटांचं मॉडेल निघालं, त्यात गंजायला काही नाही, पण आमचं लोखंडी टाकीचंच झालं होतं. आणि शेवटी दुष्काळ. २०१२-१३ मध्ये गुरं छावणीला नेली. आमचं शेण छावणीत पडायचं आणि घरी टँकरच्या पाण्यावर माणसं तगायची, तिथं कालवायला बादल्या कुठल्या आणायच्या? महाराष्ट्र गोबर गॅसमध्ये देशात पुढं आहे, ते खरंच आहे. पण ते ऊस आणि बारमाही पाणी असलेल्या पट्ट्याचं पुढंपण आहे. आमच्यासारख्या कोरड्या गावात उलट्या पातेल्यासारख्या टाक्या गोठ्याशेजारी पडून आहेत.

सिलिंडर मुंबईला १९५५ मध्ये आला, बर्मा-शेलचा ‘बर्शेन’. आमच्या तालुक्याला येईस्तोवर पुढची तीसेक वर्षं गेली. तेव्हा नंबर लावून वाट बघायची, नाहीतर खासदाराच्या कोट्यातलं कूपन मिळवायचं. मास्तर, ग्रामसेवक, नोकरदार यांच्याकडेच लाल टाकी. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली आणि मग आमच्या आळीतल्या शेतमजुरांच्या घरीही शेगडी आली. लोकांनी हार घालून पूजा केली. पहिली टाकी संपली आणि खरा प्रश्न आला. २०२२ च्या मे महिन्यात टाकी हजारावर गेली. उज्ज्वलावाल्यांना त्या वर्षी २०० रुपये परत मिळू लागले, पुढं ३००. पण परत मिळणारे पैसे नंतर येतात आणि टाकीवाला दारात रोख मागतो.

पेपरात तेव्हा लेख यायचे की खेड्यातल्या लोकांना फायदा कळत नाही, गॅस असून चूल पेटवतात. म्हणून मी परत वही काढली. सिलिंडरच्या तोडीचं लाकूड ११४ किलो. बाईच्या डोक्यावरचा भारा धरा २३ किलो, म्हणजे पाच भारे. लांबून आणायचा तर एका भाऱ्याला अर्धा दिवस. अडीच दिवस झाले. फोडायला अर्धा दिवस, एकूण तीन. रोजगार हमीचा आपल्या राज्यातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. तीन दिवसांचे ९३६. त्याच वर्षी एप्रिलात सिलिंडर मुंबईत ८५२ रुपये ५० पैसे होता. म्हणजे फुकटचं लाकूड टाकीहून महाग पडलं. विकत घेतलं तरी साडेसात रुपये किलोच्या वर भाव गेला की गॅस स्वस्त.

पण हाच कागद मी शेजारच्या एका बाईला वाचून दाखवला तेव्हा ती हसली. म्हणाली, “अण्णा, ते तीन दिस मला कोण कामाला बोलवतंय? बोलवलं तर मी जाईनच की, आन् टाकीबी आणीन.” तिचं बरोबर आहे. सुगीत, कांदा काढणीत तिला चारशे रुपये मिळतात तेव्हा ती चूल पेटवत नाही, गॅसवर पटकन उरकून जाते. चैत्र-वैशाखात रान मोकळं, हाताला काम नाही, तेव्हा तिच्या वेळेला भाव नाही आणि लाकूड खरोखरच फुकट होतं. ती वर्षाला तीन-चार टाक्या घेते आणि कुठल्या महिन्यात घ्यायच्या ते तिला चांगलं कळतं. लेख लिहिणाऱ्यांनी तिच्याकडे चार दिवस राहून बघावं.

राहिला आंघोळीच्या पाण्याचा विषय. तो सगळे विसरतात, आणि निम्मं जळण तिथंच जातं. एका माणसाला थंडीत वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं, तर ५०० किलोकॅलरी लागतात. सहा माणसं, तीस दिवस, ९०,०००. एका सिलिंडरमधून भांड्याला लागणारी उष्णताही जवळपास तेवढीच, ९२-९३ हजार. म्हणजे थंडीत सहा माणसांची आंघोळ म्हणजे महिन्याला अख्खी एक टाकी, स्वयंपाकाची वेगळी. म्हणून गॅस घरात आला तरी परसातला जाळ कुणाचाच विझला नाही.

या कामाला बंबासारखी वस्तू नाही. मधोमध नळी, तिच्यात जाळ, भोवती पाणी. उष्णतेला पळून जायला वाटच थोडी. मी एका थंडीत तागडीनं लाकूड तोलून पाहिलं. चुलीवर हंडे ठेवून सहा जणांच्या पाण्याला पावणेचार किलोच्या आसपास लागायचं, बंबाला अडीच किलो पुरायचं. तांब्याचा बंब आमच्या आजोबांनी पंढरपुराहून आणला होता असं सांगतात. विजेची कॉइल त्याहून सोपी, तिची उष्णता जवळजवळ सगळी पाण्यात जाते. पण शंभर युनिटांच्या पुढं गेलं की वीजबिलाचा दर एकदम चढतो, आणि आमच्याकडे पहाटे वीज असेलच असं नाही. सौर बंब गावात दोन-तीन घरांवर आहेत. नळाला पाणी चार दिवसांनी येतं तिथं वरची टाकी भरलेली ठेवणं हीच त्यांची कसरत.

आमच्या घरी आता स्वयंपाक गॅसवर आणि पाणी बंबावर. ओढ्याकाठची वेडी बाभूळ दरवर्षी तोडावीच लागते, नाहीतर ती रानात शिरते. मूळची अमेरिकेकडची ही काटेरी झाडी. शिव्या सगळे देतात, पण जळण म्हणून तिच्या तोडीचं लाकूड आमच्याकडे नाही. तोडायचं, फोडायचं आणि पहाटे बंब पेटवायचं काम माझ्याकडे आहे. बायांनी तिकडं फिरकायचं नाही असं ठरवूनच टाकलं. गेल्या पौषात बंबाची तोटी गळायला लागली म्हणून तांबटाकडे दिला. तेवढे आठ दिवस सूनबाईनं पाणी गॅसवर तापवलं. एरवी २८ दिवस जाणारी टाकी एकविसाव्या दिवशी संपली. ती म्हणाली, “तात्या, तेवढा बंब आधी आणा.” मी वही उघडून पाहिली. आठ दिवसांच्या पाण्याला हिशेबानं सात दिवसांचा स्वयंपाक जातो, असंच येत होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं म्हसवडला जाऊन बंब घेऊन आलो.